व्हीसी मशीनच्या जादा सोयी: अनेक ठिकाणं जोडणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली पंधरा-सोळा वर्षं मी व्हीसीच्या, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या, खोल्या उभ्या करतो आणि सांभाळतो. सहकारी बँका, शिक्षणसंस्था, प्रशिक्षण केंद्रं, अधूनमधून एखादं सरकारी कार्यालय. फोनवर येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. खोलीत कायम बसवलेलं मशीन, भिंतीवरचा टीव्ही, टेबलावरचा माइक अशी मांडणी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे आहे. फक्त लॅपटॉपवर मीटिंग करणाऱ्यांना यातलं थोडंच लागू पडेल.

मशीन घेतलं तेव्हा सगळं त्यातच होतं ना? मग हे अपग्रेड कसलं?

बऱ्याच सोयी मशीनमध्ये आधीपासून असतात, पण कुलूप लावून. कंपनी एकच मशीन बनवते आणि त्यातल्या काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात. पैसे भरले की अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ‘की’ मिळते, म्हणजे त्या सोयीचं लायसन्स. ती मशीनच्या सेटिंगमध्ये टाकली की सोय सुरू होते. नवं काही बसवावं लागत नाही, कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. ही की त्या एका मशीनच्या सीरियल नंबरला बांधलेली असते, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या तशाच मशीनवर ती चालत नाही.

दुसऱ्या प्रकारची अपग्रेड मात्र खरोखर वस्तू असतात: जादा माइक, दुसरा कॅमेरा, दुसरा टीव्ही. कोटेशनमध्ये दोन्ही एकाच यादीत येतात. आपण वस्तू घेतोय की ‘की’ घेतोय, हे आधी वेगळं करून बघा.

कोणकोणत्या सोयी अशा मिळतात?

सर्वात जास्त विकली जाणारी म्हणजे अनेक ठिकाणं एकत्र जोडण्याची. पॉलीकॉम कंपनीच्या मशीनांत तिला मल्टिपॉइंट म्हणतात, सिस्कोच्या मशीनांत मल्टिसाइट. त्यानंतर १०८०पी, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या, चित्राची, सिस्कोच्या एसएक्स२० या मॉडेलवर तिचं नाव प्रीमियम रेझोल्यूशन होतं. दुसरा टीव्ही जोडण्याची वेगळी असते. दुसऱ्या कंपनीच्या मीटिंगशी बोलण्याची वेगळी. बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा हवा असेल तर ती वस्तू, आणि महाग वस्तू.

आमच्या मशीनवर किती ठिकाणं जोडता येतील?

हे मॉडेलवर ठरतं आणि त्याला वरची मर्यादा असते. पॉलीकॉमच्या ग्रुप मालिकेत ग्रुप ३०० वर ही सोय मुळातच नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. ग्रुप ५०० वर स्वतःसह सहा ठिकाणं, ग्रुप ७०० वर स्वतःसह आठ. सिस्कोच्या एसएक्स२० वर स्वतःसह चार, एसएक्स८० वर पाच.

‘स्वतःसह’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. चारचं लायसन्स म्हणजे मुख्यालय आणि तीन शाखा. चार शाखांना बोलावलं की चौथीला जागा नाही. हा घोळ मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कोटेशन हातात आलं की आधी तेवढंच विचारतो: साहेब, यात आपलं मशीन धरलंय का?

सगळ्याच ठिकाणी लायसन्स घ्यावं लागतं का?

नाही. जे मशीन सगळ्यांना जोडतं, यजमान असतं, त्याच्यावरच घ्यायचं. बाकीची केंद्रं यजमानाला साधा एकेरी कॉल लावतात. त्यांच्या दृष्टीने समोर एकच मशीन असतं.

म्हणून यजमान कुठे ठेवायचा हा खरा निर्णय. तो नेहमी मुख्यालयातच हवा असं काही नाही. सर्वात चांगली इंटरनेट लाइन आणि भरवशाची वीज जिथे असेल तिथे ठेवा. एका ठिकाणी आम्ही यजमान मशीन तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवलं, कारण लीज लाइन आणि जनरेटर दोन्ही तिथे होतं. मुख्यालयातल्या साहेबांना सुरुवातीला ते पटलं नाही. महिनाभर मीटिंग न तुटता चालल्यावर पटलं.

लाइन किती लागेल?

चार ठिकाणांचं लायसन्स घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो नंतर विचारला जातो.

हिशोब सोपा आहे. समजा प्रत्येक कॉल १ एमबीपीएसचा आहे. यजमान मशीन तीन केंद्रांशी तीन वेगळे कॉल एकाच वेळी चालवतं. म्हणजे यजमानाच्या लाइनवरून ३ एमबीपीएस बाहेर जायला हवेत आणि ३ आत यायला हवेत. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो; त्यांच्या वेष्टनाचे म्हणून वर साधारण २० टक्के धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३.६ एमबीपीएस, तेही फक्त व्हीसीसाठी. ऑफिसातले बाकीचे लोक त्याच लाइनवर असतील तर त्यांचं वेगळं. सहा ठिकाणं केलीत तर यजमानाकडे हाच आकडा ६ वर जातो. बाकीच्या केंद्रांना मात्र सव्वा एमबीपीएसची चांगली लाइन पुरते.

इथे माणसं फसतात ती ‘अपलोड’मध्ये. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो बहुधा डाउनलोडचा. सिनेमा बघायला तेवढा पुरतो. व्हीसीत जितकं येतं तितकंच जातं, म्हणून दोन्ही दिशा मोजाव्या लागतात.

एक प्रसंग सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या एका संस्थेने एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून चार ठिकाणांचं लायसन्स घेतलं. मुख्यालय शहरात, केंद्रं पेठ, सुरगाणा आणि कळवणला. मुख्यालयात साधं ब्रॉडबँड होतं आणि अपलोड जेमतेम २ एमबीपीएस. लायसन्स विकणाऱ्याने लाइन मोजलीच नव्हती. पहिल्या मीटिंगला मला बोलावलं. मोठ्या टीव्हीवर चार चौकटी छान दिसत होत्या, पेढेही वाटून झाले होते. सुरगाण्याच्या चौकटीत एक प्रशिक्षिका बसल्या होत्या. त्या दर दहा मिनिटांनी माइकजवळ वाकून विचारायच्या, “सर, माझा आवाज येतोय का?” आवाज येत होता. त्यांना मात्र मुख्यालयाचं बोलणं तुकड्यातुकड्यांत ऐकू जात होतं, त्यामुळे “हो, येतोय” हे उत्तर त्यांच्यापर्यंत धड पोचतच नव्हतं. मुख्यालयातल्या कुणाला ते कळलं नाही, कारण मुख्यालयात सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन तासांत त्यांनी एकही मुद्दा मांडला नाही. मीटिंग संपली तेव्हा त्यांच्या पुढ्यातला कागद तसाच घडी घातलेला होता.

मी रिमोटवरून कॉल स्टॅटिस्टिक्सचं, म्हणजे चालू कॉलचे आकडे दाखवणारं, पान उघडलं. सुरगाण्याकडे जाणाऱ्या दिशेला पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेटं, १२ टक्के. मी तिन्ही कॉलचा वेग १ एमबीपीएसवरून ५१२ केबीपीएसवर आणला. पुढच्या मीटिंगला त्या प्रशिक्षिका बोलल्या, आणि भरपूर बोलल्या. लायसन्सला जेवढे पैसे गेले तेवढ्यात सुरगाण्याची आणि मुख्यालयाची लाइन आधी सुधारता आली असती.

म्हणून माझं सांगणं आहे की खर्च सर्वात कच्च्या केंद्रापासून सुरू करा. मुख्यालयातला टीव्ही कसा दिसतो यावरून काहीही ठरवू नका.

पॅकेट लॉस किती चालतो?

१ टक्क्याच्या आत असेल तर सहसा जाणवत नाही. २-३ टक्क्यांना चित्र फुटायला लागतं. त्यापुढे आवाजही गळतो. सोबत विलंबही बघा. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते, आणि ४०० च्या पुढे जाऊच नये असं तीच सांगते. विलंब वाढला की दोन माणसं एकदम बोलायला लागतात, मग एकदम थांबतात, मग पुन्हा एकदम सुरू होतात. हे बघितलं की कॅमेऱ्याकडे नाही, लाइनकडे वळा.

१०८०पी घ्यावं का?

एकास एक मीटिंग असेल तर बहुतेकांना ७२०पी पुरतं. अनेक ठिकाणं एका पडद्यावर येतात तेव्हा प्रश्न बदलतो. पडदा चार चौकटींत वाटला की ७२०पी चित्रात प्रत्येक चौकटीच्या वाट्याला ६४० गुणिले ३६० ठिपके येतात. १०८०पी असेल तर ९६० गुणिले ५४०. म्हणजे एका चेहऱ्याला सव्वादोन पट ठिपके. समोर वीस जण बसलेली खोली असेल तर मागच्या रांगेतला कोण बोलतोय हे १०८०पीत ओळखता येतं, ७२०पीत ओठ हलताना दिसत नाहीत.

पण फायदा हवा असेल तर दोन्हीकडे तेवढं चित्र हवं आणि लाइनही हवी. पॉलीकॉमच्या ग्रुप मालिकेत एच.२६४ हाय प्रोफाइल ही चित्र दाबून पाठवायची पद्धत वापरून १०८०पी, सेकंदाला ३० चित्रं, १०२४ केबीपीएसपासून चालू होतं, आणि ७२०पी ५१२ केबीपीएसपासून. समोरचं जुनं मशीन हाय प्रोफाइल जाणत नसेल तर तेवढ्याच चित्राला बरीच जास्त लाइन लागते. कॉल ५१२ वर चालवणार असाल तर १०८०पीची की विकत घेऊन ती कपाटातच राहणार.

स्प्लिट स्क्रीन दिसत नाही, जो बोलतो त्याचंच चित्र येतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही. अनेक ठिकाणं दाखवायचे दोन मार्ग असतात. एकात सगळे चौकटीत, दुसऱ्यात बोलणारा पूर्ण पडद्यावर. यजमान मशीनच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. भाषण किंवा प्रशिक्षण असेल तर दुसरा बरा, चर्चा असेल तर पहिला. दुसऱ्या मार्गात पंखा जोरात चालू असलेलं केंद्र पडद्यावर येऊन बसतं, कारण मशीनला आवाज म्हणजे बोलणंच वाटतं. न बोलणाऱ्यांनी म्यूट करणं इथे शिष्टाचारापेक्षा जास्त कामाचं आहे.

आवाजासाठी काय घ्यावं? जादा माइक की चांगला माइक?

जादा सोयींमध्ये माझ्या मते पैसा पहिल्यांदा इथे घालावा. चित्र गेलं तर मीटिंग चालते, आवाज गेला तर संपते. तरीही कोटेशनमध्ये माइक शेवटच्या ओळीत असतो आणि बजेट कमी पडलं की आधी तोच काढतात.

टेबलावरच्या एका माइकपासून माणूस साधारण दीड-दोन मीटरच्या आत हवा. लांब टेबलाला दोन माइक लागतात, त्याला पर्याय नाही. आवाज वाढवून हे भागत नाही. आवाज वाढवला की एसीची घरघर आणि खुर्चीची कुरकुरही तेवढीच वाढते.

आता कोडेकबद्दल, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीबद्दल. साध्या फोनचा आवाज ३.४ किलोहर्ट्झपर्यंतच जातो. व्हीसीच्या मशीनात जी.७२२ हा ७ किलोहर्ट्झपर्यंत नेतो, आणि जी.७२२.१ चा अ‍ॅनेक्स सी १४ पर्यंत. याचा मराठीत थेट परिणाम होतो. ‘स’ आणि ‘श’चा जोर वरच्या पट्टीत असतो, फोनच्या पट्टीत तो कापला जातो. मग ‘साठ हजार’ आणि ‘आठ हजार’ यांत घोटाळा होतो. कर्जमंजुरीच्या मीटिंगमध्ये हे काय करू शकतं ते बँकवाल्यांना सांगायला नको. कॉल स्टॅटिस्टिक्सच्या पानावर आवाजाच्या ओळीत जी.७११ हा फोनचा कोडेक दिसला तर समजा की तुम्ही लाखाच्या मशीनवर फोनचा आवाज ऐकताय. मग कुठल्या केंद्राचं मशीन अडतंय ते शोधा.

माइकपेक्षाही स्वस्त उपाय खोलीत असतो. चकचकीत टाइल्स, एका भिंतीला काच, रिकाम्या भिंती, वर पीओपी. अशा खोलीत टाळी वाजवून बघा, आवाज घुमतो. जाड पडदे, खाली सतरंजी किंवा कार्पेट, मागच्या भिंतीवर सूचनाफलकाचा मऊ बोर्ड. मी दोन-तीन ठिकाणी दुसऱ्या माइकची ऑर्डर थांबवून पडदे लावायला लावले आणि काम झालं.

मला माझाच आवाज परत ऐकू येतो. माझं मशीन खराब आहे का?

जवळजवळ कधीच नाही. प्रतिध्वनी तुम्हाला ऐकू येतो तेव्हा दोष पलीकडच्या खोलीत असतो. तुमचा आवाज तिथल्या स्पीकरमधून निघून तिथल्या माइकमध्ये परत शिरतोय आणि तिथलं मशीन तो गाळत नाहीये. अनेक ठिकाणं असतील तर एकेका केंद्राला म्यूट करायला सांगा. ज्याने म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबला, तो दोषी. बहुधा तिथे कुणीतरी टीव्हीच्या अगदी पुढ्यात माइक ठेवलेला असतो, किंवा मशीनऐवजी लॅपटॉपचा माइक आणि टीव्हीचा स्पीकर अशी जोडणी असते. यासाठी कुठलीही की विकत घेऊ नका.

एक्सेल शीट दाखवायची सोय वेगळी घ्यावी लागते का?

बहुतेक मशीनांत ती असतेच. एच.२३९ या मानकामुळे माणसांचं चित्र आणि लॅपटॉपचा पडदा असे दोन प्रवाह एकाच कॉलमध्ये जातात. कॉल जोडायच्या एच.३२३ आणि एसआयपी अशा दोन पद्धती असतात; एसआयपी कॉलमध्ये हेच काम बीएफसीपी करतं. विकत घ्यायचा असतो तो दुसरा टीव्ही आणि काही मशीनांवर त्याची की. ताळेबंद, आराखडे, नकाशे रोज दाखवणाऱ्यांनी दुसरा टीव्ही जरूर घ्यावा. एका टीव्हीवर शीट आली की माणसं कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी होतात आणि मग चर्चा शीटशीच होते. एक मात्र ध्यानात असू द्या: कॉलचा वेग ठरलेला असतो आणि त्यातलाच वाटा शीटला जातो. ५१२ च्या कॉलमध्ये शीट सुरू केली की चेहरे थोडे धूसर होणारच.

एन्क्रिप्शनसाठी वेगळे पैसे?

आजच्या मशीनांत एईएस एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला कॉल बघता-ऐकता येऊ नये म्हणून तो सांकेतिक करणं, बहुधा असतंच. अडचण अनेक ठिकाणं जोडताना येते. ‘शक्य असेल तर’ असं सेटिंग ठेवलंत आणि एका केंद्राचं मशीन एन्क्रिप्शन जाणत नसेल तर तो एक कॉल उघडा राहतो. ‘सक्तीचं’ ठेवलंत तर ते केंद्र जोडलंच जात नाही. बँकेने सक्तीचं ठेवावं आणि ज्याचं जोडलं जात नाही त्याचं मशीन बदलावं.

न्यायालयीन कामाबद्दलही विचारणा होते. २००३ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हीसीवरून साक्ष नोंदवता येते असा निर्वाळा दिला. तशा खोलीत चौकटींची संख्या महत्त्वाची नाही. साक्षीदाराचा चेहरा आणि हात स्पष्ट दिसणं, कागद दाखवायला डॉक्युमेंट कॅमेरा असणं, आणि प्रश्न तुटक ऐकू न येणं, यावर खर्च करा.

ऑटो अ‍ॅन्सर चालू ठेवलं तर सोयीचं पडतं. चालेल?

ऑटो अ‍ॅन्सर म्हणजे मशीनने कॉल आपोआप उचलणं. मशीन इंटरनेटवरून थेट दिसणाऱ्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर असेल तर अजिबात नको. २०१२ च्या जानेवारीत रॅपिड७ या सुरक्षा कंपनीच्या एच. डी. मूर यांनी दाखवून दिलं होतं की इंटरनेटवर उघड्या असलेल्या कितीतरी बोर्डरूमच्या मशीनांना बाहेरून कॉल लावून आतलं बघता-ऐकता येतं, कारण ऑटो अ‍ॅन्सर चालू होतं. रात्री-बेरात्री ‘सिस्को’ किंवा नुसते आकडे अशा नावाने येणारे भुताटकीचे कॉल तुम्हीही पाहिले असतील. ते मशीन शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामचे असतात. ऑटो अ‍ॅन्सर बंद, मीटिंग नसताना कॅमेरा भिंतीकडे, मशीन फायरवॉलमागे. फुकट होतं हे सगळं.

फायरवॉलमागे ठेवलं की कॉल लागतो पण चित्र किंवा आवाज एकाच बाजूने येतो.

एच.३२३ कॉलची सुरुवात टीसीपी १७२० या पोर्टवर होते, पण चित्र-आवाज त्यानंतर ठरणाऱ्या वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून जातो. ते उघडे नसतील तर असं होतं. राउटरमधलं एच.३२३ किंवा एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग मदत करण्याऐवजी पुष्कळदा घोळ घालतं, ते बंद करून बघा. केंद्रं वाढली की फायरवॉलमधून कॉल पार नेणारा, एच.४६०.१८ आणि १९ ही मानकं पाळणारा ट्रॅव्हर्सल सर्व्हर हा स्वच्छ मार्ग.

झूम, टीम्सच्या मीटिंगला हे मशीन जोडता येईल का? त्याची की मिळते का?

इथे सांभाळून. वेबेक्स एसआयपी मशीनचा कॉल थेट घेतं. झूमसाठी खोलीच्या मशीनचं कनेक्टर लायसन्स झूमकडून वेगळं घ्यावं लागतं. टीम्सला मायक्रोसॉफ्टने मान्यता दिलेली मधली सेवा लागते, पेक्सिपसारखी. म्हणजे पैसे मशीनवर नाही, मीटिंगच्या बाजूला जातात आणि बहुधा दरवर्षी जातात.

मशीनवरच्या कीचं काय होऊ शकतं याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पॉलीकॉमच्या मशीनांना मायक्रोसॉफ्टच्या लिंक (Lync) आणि नंतर स्काइप फॉर बिझनेस या मीटिंग सेवांशी बोलण्यासाठी वेगळं लायसन्स होतं, आणि अनेकांनी ते हौसेने घेतलं. स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ३१ जुलै २०२१ ला बंद झालं. मशीन धडधाकट, की शाबूत, आणि पलीकडे बोलायला कुणी नाही. दुसऱ्याच्या सेवेला बांधलेली की घेताना त्या सेवेचं आयुष्य विचारात घ्या. एच.३२३, एसआयपी, एच.२३९ अशा मानकांवरची सोय जास्त टिकते.

मशीन रीसेट केल्यावर चार ठिकाणं जोडता येईनात. की कुठे मिळेल?

आधी विकत घेतलेल्या वर्षाची फाइल शोधा. पण बहुतेक कार्यालयांत काय होतं ते सांगतो. मशीन, टीव्ही, माइक, अगदी रिमोटसुद्धा डेड स्टॉक रजिस्टरला चढतो. की चढत नाही, कारण ती वस्तूच नाही. ती आलेली असते एका ईमेलमध्ये, ज्यांची बदली होऊन चार वर्षं झाली अशा अधिकाऱ्याच्या नावावर. एका महाविद्यालयात शोधाशोध करून आम्ही हरलो होतो. शेवटी तिथल्या शिपाई मामांनी स्टोअरमधून मशीनचा मूळ खोका आणला. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने सीरियल नंबर, त्याखाली पूर्ण की आणि तारीख लिहून ठेवली होती. शाई फिकट झाली होती, पण एकेक अक्षर वाचता आलं. मामा म्हणाले, “ते जुने सर लिहून गेलेत, म्हणून खोका टाकू दिला नाही मी.”

तेव्हापासून मी की टाकली की तीन ठिकाणी लिहायला लावतो: डेड स्टॉक रजिस्टरच्या शेरा रकान्यात, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) फाइलीत, आणि मशीनच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर. रीसेट करण्याआधी सेटिंगमधल्या लायसन्सच्या पानाचा फोटो काढा. आणि की सापडलीच नाही तर सीरियल नंबर व खरेदीचं बिल दाखवून विक्रेत्याकडून कंपनीकडे मागणी करता येते. म्हणूनच बिलावर सीरियल नंबर छापून घ्या.

सेकंड हँड मशीन स्वस्तात मिळतंय, त्यावर लायसन्स आहे म्हणतात.

चालू करून दाखवायला सांगा, फोनवर विश्वास ठेवू नका. तीन कॉल एकाच वेळी लावून बघा. लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करायला कंपनीची परवानगी लागते का तेही बघा, नाहीतर पुढे सॉफ्टवेअर अपडेट मिळत नाही. शिवाय या क्षेत्रात मालक बदलत राहिलेत. टँडबर्ग ही व्हीसी मशीनची कंपनी २०१० मध्ये सिस्कोने घेतली. पॉलीकॉम २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सकडे गेली, पुढे पॉली झाली, आणि २०२२ मध्ये एचपीकडे. जुन्या मशीनची की आज कुणाकडे मागायची हाच प्रश्न होऊन बसतो. पॉलीकॉम एचडीएक्स किंवा सिस्को एसएक्स२० यांची विक्री थांबलेली आहे. त्यांच्यावर नवा खर्च करू नका, आहे तसं चालवा.

केंद्रं दहा-बारा झाली. आता मोठं मशीन घ्यावं का?

नको. सहा-आठच्या पुढे खोलीतल्या मशीनने यजमान व्हायचं थांबवावं. यजमानाची लाइन, वीज, मशीन, सगळं एकाच खोलीवर येतं. बाहेरचा ब्रिज, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणारी बाहेरची सेवा, घ्या, म्हणजे प्रत्येक केंद्र एकेरी कॉल लावेल आणि प्रत्येकाला सव्वा एमबीपीएसच लागेल. सरकारी कार्यालयांनी खर्चाआधी जिल्ह्याच्या एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) कार्यालयाला विचारावं. दोन यजमान एकमेकांना जोडून संख्या वाढवायची युक्ती काही मशीनांवर चालते, पण चौकटीत चौकट येते आणि कॅमेरा लांबून फिरवता येत नाही. रोजच्या कामाला मी ती सुचवत नाही.

लाइट गेली तर?

केंद्राची गेली तर एक चौकट जाते. यजमानाची गेली तर मीटिंग जाते. यजमानाकडे मशीन, राउटर आणि लाइनवाल्यांचा डबा, तिन्ही यूपीएसवर हवेत. टीव्ही नसला तरी चालेल.

कोटेशन आलं की काय बघू?

प्रत्येक की समोर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेला आहे का. की कायमची आहे की वर्षाची. सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बदलली तर ती चालू राहील का. ठिकाणांच्या आकड्यात आपलं मशीन धरलंय का. आणि मुदतीची चाचणी-की मागा, देणारे देतात. चाचणी भर दुपारी, ऑफिस चालू असताना घ्या. रविवारी सकाळी कुठलीही लाइन चांगलीच चालते.

तुम्हाला फोन करायचा तर हाताशी काय ठेवू?

मॉडेल, सीरियल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, लायसन्सच्या पानाचा फोटो. आणि मीटिंग चालू असताना काढलेला कॉल स्टॅटिस्टिक्सच्या पानाचा फोटो, सर्वात लांबच्या केंद्राच्या मशीनवरून काढलेला. मुख्यालयातला पाठवलात तर मी परत तोच मागेन.